अंगबळाचा किनारा : डिंगल द्वीपकल्पावर ई-सायकलचा एक दिवस

नैर्ऋत्य आयर्लंडचा नकाशा पाहिला, तर जमिनीचे लांबट सुळके अटलांटिक महासागरात घुसलेले दिसतात. त्यांतला सर्वांत उत्तरेकडचा सुळका म्हणजे केरी परगण्यातला डिंगल द्वीपकल्प. त्याच्या पश्चिम टोकाला वळसा घालणारा रस्ता ‘स्ली हेड ड्राइव्ह’ या नावाने ओळखला जातो. डिंगल गावातून निघायचं, सुमारे ४७ किलोमीटरांचा फेरा पुरा करायचा आणि परत डिंगललाच पोहोचायचं. मोटारीने कुठेही न थांबता गेलं तर हे अंतर दीडेक तासात संपतं. पायी निघालं तर दोन-तीन दिवस हाताशी हवेत. साध्या सायकलीने दिवसभरात फेरा होतो, पण समुद्रावरचा वारा आणि कड्याला बिलगून चढणारी वाट यांमुळे दमलेला माणूस दुपारनंतर थांबे गाळू लागतो. एखादा जुना अवशेष रस्त्यापासून अर्धा किलोमीटर आत, चढावर असेल, तर तो ‘पुढच्या वेळी’साठी राखून ठेवला जातो.

ई-सायकल या रस्त्याला फार चांगली लागू पडते. डिंगलच्या टोकावर जे काही उभं आहे, ते जवळजवळ सगळं माणसाच्या अंगबळावर उभं राहिलं. खांद्यावरून वाहिलेले दगड, फावड्याने उकरलेली शेतं, वल्ह्यांनी ओढलेल्या होड्या. आणि अंगबळ पुरेनासं झालं, तेव्हा समोरचं एक अख्खं बेट रिकामं झालं. हा प्रदेश समजायचा, तर इथला चढ आपल्या पिंढऱ्यांना आणि इथला वारा आपल्या छातीला जाणवला पाहिजे. तरीही प्रत्येक थांब्यावर उतरून पाहण्याइतकी ताकद संध्याकाळपर्यंत शिल्लक राहिली पाहिजे. पॅडल मारल्याशिवाय न हलणारी, पण चढावर मदतीला येणारी ही सायकल नेमकं तेवढं साधते.

मोटर कधी धावून येते

आपल्याकडे ‘ई-बाईक’ म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर विजेवरची स्कूटर येते. इथे अभिप्रेत आहे ती पॅडलची सायकल. युरोपीय संघाच्या नियमांनुसार तिच्या मोटरची सततची शक्ती २५० वॉटपेक्षा जास्त असता कामा नये, मोटरने फक्त पॅडल फिरत असतानाच मदत करावी आणि वेग ताशी २५ किलोमीटरांवर गेला की ती मदत थांबावी. या मर्यादांत बसणाऱ्या ई-सायकलीला आयर्लंडमध्ये २०२४ पासून कायद्याने साध्या सायकलीचाच दर्जा आहे. परवाना किंवा नोंदणी लागत नाही. भारतातही २५० वॉट आणि ताशी २५ किलोमीटर हीच सीमारेषा आहे आणि तिच्या आतल्या वाहनांना ठरावीक अटींवर नोंदणीतून सूट मिळते.

चांगल्या ई-सायकलीत मोटर पॅडलच्या आसाजवळ बसवलेली असते. तिथेच एक संवेदक असतो. पायाने किती जोर लावला आहे हे तो सतत मोजत राहतो आणि त्या प्रमाणात मोटर आपली भर घालते. सर्वांत काटकसरीच्या पातळीवर तुमच्या शंभर वॉटला ती साधारण पन्नास-साठ वॉट जोडते. सर्वांत वरच्या पातळीवर ती तुमच्या जोराच्या दुप्पट-तिप्पट शक्ती देते. पाय सैल सोडले की तीही सोडते. म्हणून चढाची जाणीव पुसली जात नाही, फक्त तो चढ आवाक्यातला होतो.

ही कल्पना आजची नाही. अमेरिकेत ओग्डेन बोल्टन यांनी चाकाच्या तुंब्यात मोटर बसवलेल्या सायकलीचं पेटंट १८९५ मध्ये घेतलं होतं. पण त्या काळच्या शिशाच्या जड बॅटऱ्या ओढण्यातच मोटरची बरीच ताकद गेली असती. जोर मोजून मदत करणारी सायकल यामाहाने १९९३ मध्ये जपानच्या बाजारात आणली. त्याच सुमारास, १९९१ मध्ये सोनीने लिथियम-आयन बॅटरीची विक्री सुरू केली होती. हे दोन धागे पुढे एकत्र आले आणि अडीच-तीन किलो वजनात दिवसभराची वीज मावू लागली.

या सगळ्याच्या मुळाशी असलेला एक शोध तर आयर्लंडच्या भूमीवरच लागला. बेलफास्टमध्ये जनावरांचा दवाखाना चालवणारे जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला टायर केला आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. भरीव रबराचं चाक खडबडीत रस्त्यावर खडीगणिक उसळतं आणि प्रत्येक उसळीत चालवणाऱ्याची ताकद वाया जाते. हवेचा टायर खडीला गिळून पुढे जातो. मोटरची मदत येण्याआधी शंभर वर्षं सायकलस्वाराच्या अंगबळाला मिळालेली ही सर्वांत मोठी मदत होती.

ताकदीचा जमाखर्च

स्ली हेडला निघण्याआधी थोडं गणित करायला हवं. प्रशिक्षण न घेतलेला, पण निरोगी माणूस काही तास सलग साधारण ७५ ते १०० वॉट शक्ती देऊ शकतो. समजा, माणूस ७५ किलोचा आणि सायकल २५ किलोची, म्हणजे एकूण १०० किलो. सपाट रस्त्यावर, वारा पडलेला असताना ताशी २० किलोमीटरने जायला साधारण ९५ वॉट पुरतात. म्हणजे मोटर बंद असली तरी चालेल.

आता पाच टक्क्यांचा चढ घ्या, शंभर मीटर पुढे गेल्यावर पाच मीटर उंची. त्यावर ताशी १५ किलोमीटरने चढायला सुमारे २५५ वॉट लागतात. शंभर वॉट देणारा माणूस एकटा असेल, तर त्याचा वेग ताशी सहा-सात किलोमीटरांवर येतो; सायकल डगमगू लागते आणि उतरून ढकलणं सोपं वाटू लागतं. मोटरने दीडशे वॉट दिले की तोच माणूस सरळ रेषेत, समोर पाहत, श्वास न फुलता चढून जातो.

वाऱ्याचा खर्च चढापेक्षाही फसवा असतो, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि इथे वेग मोजायचा तो हवेच्या तुलनेत. तुम्ही ताशी २० किलोमीटरने जात आहात आणि समोरून ताशी २० किलोमीटरचा वारा येतो आहे, तर तुमच्या अंगाला ४० किलोमीटरचा वारा लागतो आणि अडथळा चौपट होतो. सपाट रस्त्यावर जिथे ९५ वॉट पुरत होते, तिथे आता सुमारे २८० लागतात. अटलांटिकच्या काठावर असा वारा म्हणजे रोजचा वारा.

बॅटरीकडे वळू. भाड्याच्या ई-सायकलींत साधारण ४०० ते ५०० वॉट-तासांची बॅटरी असते. शंभर किलोचा भार शंभर मीटर वर चढवायला सुमारे २७ वॉट-तास ऊर्जा लागते आणि त्यातला निम्मा भार आपले पाय उचलतात. चढ, रस्त्याचं घर्षण आणि हवा यांचा एकत्र हिशेब केला, तर मधल्या पातळीवरची मदत घेत ४७ किलोमीटरांचा फेरा २५० ते ३०० वॉट-तासांत पुरा होतो. मात्र उतारावर ही बॅटरी पुन्हा भरत नाही. बहुतेक ई-सायकलींत मागचं चाक उतारावर मोकळं फिरतं आणि चढताना कमावलेली उंची ब्रेकमध्ये उष्णता होऊन निघून जाते. तेव्हा जे खर्चायचं ते चढाला आणि समोरच्या वाऱ्याला. सपाटीवर आणि उतारावर मोटरची पातळी खाली आणावी किंवा ती बंदच करावी.

कोणत्या बाजूने निघायचं

हा फेरा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घ्यावा. पर्यटकांच्या मोठ्या बसगाड्या याच दिशेने जातात. रस्ता काही ठिकाणी इतका अरुंद आहे की समोरून बस आली, तर कोणाला तरी मागे सरावं लागतं. दुसरं, आयर्लंडमध्ये आपल्यासारखीच वाहनं डाव्या बाजूने चालतात. घड्याळाच्या दिशेने गेलं की समुद्रही डावीकडे राहतो, म्हणजे पाहण्यासारखं सगळं सायकलस्वाराच्याच बाजूला.

तिसरं कारण वाऱ्याचं. इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येकडून येतो. सकाळी डिंगलहून पश्चिमेला निघताना तो तोंडावर असतो. तेव्हा पाय ताजे आणि बॅटरी भरलेली असते. टोकाला वळसा घालून उत्तरेकडे आणि मग पूर्वेकडे वळलं की तोच वारा पाठीशी येतो. परतीला थकवा असतो आणि बॅटरी उतरलेली असते, तेव्हा वाऱ्याचा आधार मिळतो. उलट बाजूने निघालेल्याला सगळा कठीण हिशेब दिवसाच्या शेवटी चुकवावा लागतो.

डिंगलमधून बाहेर पडून पूल ओलांडला की पहिले काही किलोमीटर रस्ता सौम्य आहे. व्हेंट्रीचा लांब, वक्र वाळूचा किनारा लागतो. दोन्ही बाजूंना फ्युशियाची कुंपणं असतात आणि उन्हाळ्यात त्यांवर लाल-जांभळी फुलं लोंबतात. ही झाडं मूळची दक्षिण अमेरिकेतली. अटलांटिकचा उबदार प्रवाह इथला हिवाळा सौम्य ठेवतो, म्हणून ती इथे रानोमाळ वाढली. पाऊस मात्र कोणत्याही महिन्यात येतो. या पट्ट्यातल्या किनाऱ्यावर वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो. रत्नागिरीत त्याच्या दुपटीहून अधिक पडतो, पण तो चार महिन्यांत. इथला पाऊस वर्षभर थोडा थोडा पसरलेला असतो. ई-सायकलीची मोटर आणि बॅटरी पावसाला दाद देत नाहीत. पाण्याने धुऊन काढायला मात्र जोराचा फवारा वापरू नये, कारण तो जोडांच्या आत शिरतो.

दगड, चुन्याशिवाय

व्हेंट्री मागे पडलं की रस्ता माउंट ईगल या ५१६ मीटर उंच डोंगराच्या पायथ्याने चढू लागतो. डावीकडे कडा आणि समुद्र, उजवीकडे डोंगराचा उतार. मोटरची पातळी एक पायरी वाढवायची ती इथे. याच पट्ट्यात कड्याच्या टोकावर डनबेगचा किल्ला आहे. समुद्रात घुसलेल्या खडकाला तीन बाजूंनी कड्याचंच संरक्षण होतं. जमिनीच्या बाजूला मातीचे बांध, खंदक आणि त्यांमागे जाड दगडी तट रचला की गड पुरा. कमीत कमी श्रमांत जास्तीत जास्त बचाव, असा हा विचार अडीच हजार वर्षांपूर्वीपासूनचा. समुद्र मात्र तेव्हापासून कडा पोखरतो आहे. किल्ल्याचे भाग लाटांनी तोडून नेले आहेत आणि २०१७-१८ च्या हिवाळ्यातल्या वादळांनीही त्याची मोठी हानी केली. जे उरलं आहे ते आज पाहायला मिळतं. पुढच्या पिढीला यातलं किती दिसेल, हे समुद्र ठरवेल.

थोडं पुढे फाहनच्या उतारावर गोल दगडी झोपड्या आहेत. यांना आयरिशमध्ये ‘क्लोखान’ म्हणतात. लाकूड नाही, चुना नाही, माती नाही. जमिनीपासून छतापर्यंत नुसते दगड. या किनाऱ्यावर वाऱ्यामुळे मोठी झाडं फारशी टिकत नाहीत, म्हणून वासे आणि तुळया मिळणं कठीण. पण सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीचा इथला वालुकाश्म थराथरांचा आहे आणि फोडला की त्याच्या सपाट लाद्या निघतात. बांधणाऱ्यांनी हाताशी होतं त्यातूनच छत काढलं.

ही रचना समजून घेण्यासारखी आहे. दगडांचा एक गोल थर लावायचा. त्यावरचा थर थोडा आत सरकवायचा, पण इतकाच की प्रत्येक दगडाचं अधिक वजन मागच्या, टेकलेल्या बाजूला राहील. असं करत वर्तुळ लहान होत जातं आणि शेवटी एका लादीने माथा झाकला जातो. आत झुकणारा प्रत्येक दगड शेजारच्या दगडांना दाबतो आणि गोल आकारामुळे तो दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. दगड खाली पडू पाहतात आणि त्यामुळेच एकमेकांत घट्ट अडकतात. आणखी एक हुशारी म्हणजे प्रत्येक लादी बाहेरच्या बाजूला किंचित उतरती ठेवलेली असते, त्यामुळे पावसाचं पाणी आत न झिरपता बाहेर वाहून जातं. कोकणात वाडीभोवती चुन्याशिवाय रचलेला गडगा ज्याने पाहिला आहे, त्याला या कामातली नजर लगेच ओळखता येईल. इथे तोच गडगा हळूहळू आत झुकत छत झाला आहे. शेतीची अवजारं ठेवायला अशा झोपड्या अगदी अलीकडच्या काळापर्यंत बांधल्या जात होत्या.

फाहनजवळ एक ओढा थेट रस्त्यावरून वाहतो. पाणी उथळ असतं, पण तळाचे दगड शेवाळलेले असतात. इथे मोटर बंद करून, हँडल सरळ धरून संथपणे जावं किंवा उतरून सायकल हाताने न्यावी. शेवाळावर मोटरचा अचानक मिळालेला जोर चाक घसरवतो.

बेट रिकामं का झालं

स्ली हेडच्या वळणावर पांढरा क्रूस उभा आहे. तिथून समोर ब्लास्केट बेटं उलगडतात आणि खाली कूमिनूलची लहानशी पुळण दिसते. डेव्हिड लीन यांच्या १९७० च्या ‘रायन्स डॉटर’ या चित्रपटातली दृश्यं या किनाऱ्यावर चित्रित झाली. शेजारीच डनमोर हेड आहे, आयर्लंडच्या मुख्य भूमीचं सर्वांत पश्चिमेचं टोक. त्याच्यापलीकडे, दोनेक किलोमीटरांच्या सामुद्रधुनीपार, ग्रेट ब्लास्केट बेट पसरलेलं आहे. ही सामुद्रधुनी अरुंद दिसते, पण तिच्या प्रवाहांनी आणि बुडालेल्या खडकांनी मोठमोठी जहाजं घेतली आहेत. १५८८ मध्ये इंग्लंडवरची मोहीम फसल्यावर परतणाऱ्या स्पॅनिश आरमाराचं ‘सांता मारिया दे ला रोसा’ हे जहाज इथेच बुडालं.

या बेटावर १९१६ मध्ये १७६ माणसं राहत होती. झाडं जवळजवळ नव्हती. डोंगरावरचं पीट, म्हणजे दलदलीतली जळाऊ माती, कापून इंधन व्हायचं, मेंढ्या, बटाटे आणि मासे यांवर संसार चालायचा. मुख्य भूमीशी नातं होतं ते ‘नेव्होग’ या होडीचं. लाकडी पट्ट्यांच्या सांगाड्यावर डांबर चढवलेलं कापड ताणून ही होडी बनवत. ती इतकी हलकी की तीन-चार माणसं ती उलटी करून डोक्या-खांद्यांवरून किनाऱ्यावर नेत. हलकी म्हणूनच लाटेवर ती तरंगून जात असे. पण वल्हवायला दणकट माणसं हवीत, आणि एका माणसाने ते जमण्यासारखं नव्हतं.

या एवढ्याशा वस्तीने जगाला पुस्तकं दिली. टोमास ओ क्रोहन यांचं आत्मचरित्र १९२९ मध्ये आयरिश भाषेत आलं. इंग्रजीत ते ‘द आयलंडमन’ या नावाने वाचलं जातं. मॉरिस ओ’सुलिव्हन यांचं ‘ट्वेंटी इयर्स अ-ग्रोइंग’ १९३३ मध्ये आलं आणि त्याच्या इंग्रजी अनुवादाला ‘अ पॅसेज टू इंडिया’चे लेखक ई. एम. फॉर्स्टर यांनी प्रास्ताविक लिहिलं. पेग सेअर्स या विलक्षण कथेकरी बाईंनी आपली जीवनकहाणी मुलाला सांगितली, त्याने ती लिहून काढली आणि १९३६ मध्ये ती छापली गेली. मासे धरणाऱ्या, पीट वाहणाऱ्या माणसांनी आपलं जगणं आपल्याच भाषेत, स्वतःच्या नजरेतून लिहून ठेवलं, हे मला या साऱ्या किनाऱ्यावरचं सर्वांत मोठं बांधकाम वाटतं.

पण तरुण माणसं अमेरिकेला जात राहिली. त्यांतली बरीच मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड या शहरात स्थिरावली. मागे राहिलेल्यांचं वय वाढत गेलं आणि होडी हाकणारे हात कमी होत गेले. १९४७ च्या जानेवारीत एक तरुण आजारी पडून दगावला. खवळलेल्या समुद्रामुळे ना डॉक्टर पोहोचू शकला, ना धर्मगुरू. त्याच वर्षी वादळाने अडकलेल्या बेटकऱ्यांनी पंतप्रधान एमन डी व्हॅलेरा यांना अन्न पाठवण्याची तार केली. शेवटी १७ नोव्हेंबर १९५३ रोजी सरकारने बेट रिकामं करायला सुरुवात केली. तेव्हा तिथे २२ माणसं उरली होती. त्यांना समोरच्याच डनक्विन गावात घरं आणि जमीन देण्यात आली.

डनक्विनचा धक्का आजही तसाच आहे. कड्यातून नागमोडी उतरणारी, दोन्ही बाजूंना भिंती असलेली वाट थेट पाण्यापर्यंत जाते. याच वाटेने बेटकरी मेंढ्या हाकत, पिठाची पोती पाठीवर घेऊन ये-जा करत. सायकल वर रस्त्यावर कुलूप लावून ठेवावी, ही वाट उतरून जावी आणि पुन्हा चढून यावी. रिकाम्या हातांनीही धाप लागते. इथे बॅटरी उपयोगाची नाही, आणि ते चांगलंच आहे. बेटावरच्या माणसांना रोज काय करावं लागत होतं, याचा अंदाज पुस्तकांपेक्षा ही चढण अधिक नेमका देते. जवळच १९९३ मध्ये सुरू झालेलं ब्लास्केट केंद्र आहे. दुपारचा निवांत तास त्यालाच द्यावा.

डोंगरावरच्या सऱ्या आणि दगडी नाव

डनक्विन सोडून रस्ता उत्तरेकडे वळतो आणि वारा हळूहळू पाठीशी येऊ लागतो. क्लॉहरच्या किनाऱ्यावर लाटा थेट खुल्या महासागरातून येतात. तिथे पोहायला उतरू नये. बॅलीफेरिटर गावाकडे जाताना डोंगरउतारांकडे लक्ष द्यावं. तिरपं ऊन असेल, तर आज फक्त मेंढ्या चरतात अशा उंच उतारांवरही समांतर उंचवटे उमटलेले दिसतात. त्या बटाट्याच्या जुन्या सऱ्या आहेत. दलदलीच्या, पातळ जमिनीवर समुद्रशेवाळ आणि शेण टाकून, दोन्ही बाजूंची माती फावड्याने उलटून हे वाफे केले जात. नांगर चालणार नाही इतक्या तीव्र उतारावरही माणसाने फावड्याने पोट भरायची जागा काढली होती. १८४५ पासून बटाट्यावर करपा आला आणि त्या महादुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली. उतारांवरच्या सऱ्या तेव्हा ओस पडल्या, पण त्यांचा आकार जमिनीने पुसला नाही. मोटारीच्या वेगाने जाताना हे डोळ्यांतून निसटतं. ताशी पंधरा किलोमीटरच्या वेगाने, मान वर करून जाणाऱ्याला मात्र डोंगर वाचता येतो.

बॅलीफेरिटरच्या उत्तरेला स्मेरविकच्या खाडीकाठी ‘डून अन ओर’ हा किल्ला होता. नोव्हेंबर १५८० मध्ये तिथे पोपच्या वतीने आलेल्या, बहुतांश इटालियन आणि स्पॅनिश सैनिकांनी शरणागती पत्करली. त्यानंतर इंग्रज सरदार लॉर्ड ग्रे यांच्या सैन्याने सुमारे ६०० जणांची कत्तल केली. आज तिथे गवताळ बांध आणि स्मारकशिला आहे. जागा इतकी उघडी आहे की शरण आलेल्यांना पळायला वाव नव्हता, हे सांगायला फलकाची गरज पडत नाही.

पुढे गॅलरसचं प्रार्थनामंदिर लागतं. या फेऱ्यात एकच वास्तू पाहायची असेल, तर ती ही. उलट्या ठेवलेल्या नावेसारखा आकार, बाहेरून सुमारे आठ मीटर लांब, पाच मीटर रुंद, पाच मीटर उंच. फाहनच्या झोपड्यांची रीत इथे चौकोनी जागेवर वापरली आहे, आणि हे धाडस मोठं आहे. गोल रचनेत दाब सर्व बाजूंनी वाटला जातो. लांब सरळ भिंत मधोमध आत ढासळू पाहते. अशी बांधलेली दुसरी मंदिरं याच कारणाने कोसळली. गॅलरसचा कणाही मध्यावर किंचित दबला आहे, पण ते उभं आहे आणि आतून कोरडं आहे. ते नेमकं केव्हा बांधलं, यावर सहाव्या ते बाराव्या शतकांदरम्यान अभ्यासकांची मतं विभागलेली आहेत. कसं बांधलं, हे मात्र कोणालाही उभ्या उभ्या पाहता येतं. पश्चिमेच्या ठेंगण्या दारातून वाकून आत जावं आणि पूर्वेच्या लहान खिडकीतून येणाऱ्या उजेडात भिंत जवळून पाहावी. दगडांच्या कडा एकमेकींना इतक्या नेमक्या बसवल्या आहेत की सुतारालाही समाधान वाटेल.

तिथून जवळच किलमॅलकेडरचं बाराव्या शतकातलं चर्च आहे. त्याच्या आवारात एक ओघम शिळा आणि एक दगडी सूर्यघड्याळ आहे. ओघम ही आयर्लंडची प्राचीन लिपी. दगडाच्या कडेवर आडव्या-तिरप्या रेघा कोरून तिच्यात मुख्यतः माणसांची नावं लिहीत. डिंगल द्वीपकल्पावर अशा शिळा मोठ्या संख्येने आहेत. ब्लास्केटच्या लेखकांच्या कितीतरी आधी, या किनाऱ्यावरच्या माणसांनी आपलं नाव टिकून राहावं म्हणून दगडावर घाव घातले होते.

दिवसाची आखणी

मे ते सप्टेंबर हा काळ चांगला. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे घाई करायचं कारण उरत नाही. सकाळी लवकर, बसगाड्यांच्या आधी निघावं. हा आयरिश बोलणाऱ्यांचा प्रदेश आहे आणि रस्त्यावरच्या पाट्या आयरिशमध्ये असतात, म्हणून दोन्ही भाषांतली नावं असलेला नकाशा सोबत ठेवावा. वारा अडवणारं जाकीट, पाणी, जादा ट्यूब आणि पंप घ्यावा. पंक्चर काढायला मागचं चाक सोडवायची पद्धत भाड्याने देणाऱ्याकडून आधीच पाहून घ्यावी, कारण ई-सायकलीत ती साध्या सायकलीपेक्षा वेगळी असू शकते. कड्यापासून अंतर राखावं, भिंतींवर चढू नये, शेताचं फाटक जसं सापडलं तसं मागे लावावं. वळणावर मेंढ्या असतील असं गृहीत धरूनच ब्रेकवर बोटं ठेवावीत. पंचवीस किलोची सायकल उतारावर साध्या सायकलीपेक्षा उशिरा थांबते.

दुपारी चारच्या सुमारास किलमॅलकेडरला पोहोचलात आणि सकाळपासून मोटर जपून वापरली असेल, तर बॅटरी अजून निम्म्याच्या आसपास असायला हरकत नाही. पाठीवर वारा आहे, डिंगल आता थोड्याच किलोमीटरांवर आहे. ही उरलेली वीज परतीचा वेग वाढवायला खर्चू नये. उत्तरेला, ९५२ मीटर उंच माउंट ब्रँडनच्या पायथ्याशी ब्रँडन क्रीक नावाची अरुंद खाडी आहे. सहाव्या शतकातले संत ब्रेंडन इथूनच पश्चिमेच्या सागरात गेले, अशी परंपरा सांगते. कातड्याच्या होडीतून अटलांटिक पार होऊ शकतो का, हे तपासायला साहसी प्रवासी टिम सेव्हरिन १९७६ मध्ये याच खाडीतून निघाले आणि १९७७ मध्ये न्यूफाउंडलंडला पोहोचले. अंगबळ, वारा आणि हलक्या होडीची बांधणी यांवर माणूस किती दूर जाऊ शकतो, याचा पुरावा त्यांनी दिला. तिथे जायला फेरा थोडा वाढतो आणि चढही आहेत. शिल्लक बॅटरी त्या चढांसाठीच वापरावी.